दाखला काढू नये

मुंबईहून गावी आलो तेव्हा आईने पाण्याचं पिंप मागे ठेवलं. बाकी सगळं बांधलं होतं. भांडी गोणपाटात, अंथरुणांच्या वळकट्या, देवांचा फोटो तिच्या लग्नाच्या साडीत गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत. पण मोरीतल्या त्या पितळी पिंपाला तिने कुणाला हात लावू दिला नाही. बाबा म्हणाले, "अगं, गावी विहिरीवरून पाणी आणायचं. साठवायला पिंप लागेल." आई म्हणाली, "आपण काय कायमचे चाललोय?" आणि तिने पिंप चिंचेने घासून लखलखीत केलं, पालथं घातलं, त्यावर फडकं झाकलं. खोलीची किल्ली वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मामाकडे दिली. चाळीत पिंप हललं की बिऱ्हाड उठलं, असं सगळे धरून चालत. आईच्या हिशेबी आमचं बिऱ्हाड उठलं नव्हतं.

रेशनकार्डावरची नावंही तशीच ठेवली होती, आणि माझं नाव शाळेच्या हजेरीपटावर. मी नुकतीच चौथी पास झाले होते. शाळेतून दाखला काढायला पाहिजे असं बाबा दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा आई म्हणाली, "नाव काढून टाकलं की परत कोण घेणार? राहू दे." बाबांचं तेव्हा कशातच लक्ष नव्हतं. ते वह्या बांधण्याच्या कारखान्यात कागद कापण्याच्या यंत्रावर होते. त्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. मालक म्हणाला होता, "गावी जाऊन बरा हो, मग बघू." बाबा हे वाक्य पुष्कळदा सांगायचे. बरा हो म्हणजे बोटं परत येणार होती की काय, असं मला तेव्हाही वाटायचं, पण मी विचारलं नाही.

आमची वाडी नाटे गावाच्या अलीकडे, कातळावर. खाली खाडी. वाडीत बारा-पंधरा घरं, आणि आमच्या घरात बाबांची चुलती, जिला सगळे काकी म्हणत, ती एकटीच राहत होती. तिला मूलबाळ नव्हतं. आम्ही चौघं, म्हणजे आई-बाबा, मी आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ, एसटीतून उतरून सामान डोक्यावर घेऊन पाखाडीच्या पायऱ्या चढलो, तेव्हा काकी दारात उभी होती. तिने आधी बाबांचा हात हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला. मग आईला म्हणाली, "ये गो. पेज केलंय. मुंबयसारखा काय नाय हां आमच्याकडे." आईने पेज पिऊन ताट धुतलं आणि ट्रंक कोपऱ्यात ठेवली. ती तिने उघडली नाही. रोजच्या दोन साड्या वर काढल्या होत्या, त्याच आळीपाळीने नेसायची. देवांचा फोटोसुद्धा ट्रंकेतच राहिला. काकी म्हणायची, "देव कोंडून ठेवलंस गो, श्वास कोंडंल त्यांचा." आई हसायची नाही.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानात आहेत. पहाटे काकी जात्यावर नाचणी दळायची, तो घरघराट जमिनीतून अंथरुणात यायचा. चुलीत ओली लाकडं सूं सूं करत. कौलांवर माकडं उतरली की काकी डबा बडवायची आणि त्यांना माणसांसारख्या शिव्या द्यायची, "मेल्यानू, बापाशीचा घर हाय काय!" मला हसू यायचं. आईला मात्र कसलाच आवाज यायचा नाही असं वाटे, एसटीचा सोडून. खालच्या रस्त्यावरून गाडी वळताना हॉर्न वाजवायची. तो आला की आई हातातलं काम थांबवून ऐकायची. कोण उतरलं, कोण चढलं, ते पडवीतून दिसत नसे. तरी ती त्या दिशेला बघायची. जेवायला सकाळी पेज आणि खारवलेल्या कैरीची फोड, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, बाजाराच्या दिवशी सुका बांगडा चुलीत भाजून. मला ते आवडायचं. आईसमोर आवडतं म्हणायची सोय नव्हती. एकदा मी पिठी मागून घेतली, तर ती म्हणाली, "सवय लावून घेऊ नकोस."

वाडीतली शाळा चौथीपर्यंत. पाचवी खाडीपलीकडे. जूनमध्ये बाबा मला घेऊन गेले. हेडगुरुजी भले माणूस होते. त्यांनी मला फळ्यावर दोन ओळी लिहायला सांगितल्या आणि अक्षर बघून म्हणाले, "बसू दे वर्गात. पण दाखला नाही तोवर पटावर नाव घालता येणार नाही. गौरी-गणपतीची सुट्टी संपेपर्यंत आणा. त्यानंतर मला विचारू नका." बाबांनी दोन्ही हात जोडले. उजवा हात जोडताना ते नेहमी डावा पुढे करून झाकायचे.

खाडी होडीने ओलांडायची. होडी नेहमी पलीकडच्या काठाला असे, कारण हसनचाचांचं घर तिकडे. अलीकडच्या धक्क्यावर उभं राहून "ओऽऽ चाचाऽऽ" अशी हाक मारली की ते येत. सगळेच तशी हाक मारत. माझ्या तोंडातून हाक निघायची नाही. एवढ्या मोठ्या पाण्यावर आपला आवाज जाणार, तो सगळे ऐकणार, असं वाटायचं. वाडीतून पाचवीला मी एकटीच. मग दुसरं कुणी येऊन हाक मारीपर्यंत मी धक्क्यावर बसून राहायची आणि शाळेला उशीर व्हायचा. चार-पाच दिवसांनी चाचा म्हणाले, "काय गो पोरी, अर्ध्या तासापासून बघतोय तुला. बोंब मारायला पैसे पडतात काय?" मी खाली बघितलं. ते हसले. माझ्या हातातल्या डब्याकडे बोट करून म्हणाले, "त्याचं झाकण चमकव. मी वळखीन." तेव्हापासून मी डब्याचं झाकण काढून उन्हात हलवायची. ऊन नसलं तरी ते येत. त्या शाळेतले ते दोन-अडीच महिने मी आता आठवते तेव्हा मला शिकलेलं फारसं आठवत नाही. झाकण हलवल्यावर पलीकडे होडी हलायची, ते आठवतं. आता तिथे पूल झाला आहे. माझी नात स्कूटीवरून पाच मिनिटांत पलीकडे जाते. तिच्या गणिताच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर मी हे लिहिते आहे.

दाखल्यासाठी बाबांनी मामाला पत्र पाठवायचं ठरवलं. बाबांना लिहिता येत होतं, पण बोटं गेल्यापासून पेन धरवत नव्हतं. आई शाळेत गेलीच नव्हती. म्हणून घरातली सगळी पत्रं मीच लिहायची. बाबांनी सांगितलं ते मी वहीच्या कागदावर लिहिलं. "ती. मामास शि. सा. न. वि. वि. पत्रास कारण की, बेबीचा शाळेचा दाखला काढून गणपतीला येताना घेऊन येणे. इथे पाचवीत बसवली आहे. दाखल्यावाचून नाव घालत नाहीत." सोबत द्यायच्या अर्जावर बाबांनी डाव्या हाताने सही केली. ती अडीच वर्षांच्या पोराने रेघोट्या माराव्यात तशी झाली. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "चालेल ना गं ही?" मी म्हटलं, चालेल. पत्र आणि अर्ज पाकिटात घालून ते पोस्टात टाकायला स्वतः नाट्याला गेले.

तोवर भाताची लावणी आली. बाबांनी मुंबईत वीस वर्षं काढलेली, तरी लावणी त्यांना येत होती. पण रोप चिखलात खोचायला अंगठा आणि शेजारची दोन बोटं लागतात. त्यांनी डाव्या हाताने लावायला सुरुवात केली. लावलेली रोपं दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्यावर तरंगत असायची. वाडीतल्या बायका आमच्या शेतात मदतीला आल्या होत्या. तिथे एकमेकांची शेतं सगळे मिळून लावतात. पहिल्या दिवशी त्या तोंडाला पदर लावून हसल्या. तिसऱ्या दिवशी मी बघितलं, बाबा पुढे लावत जात आणि एक बाई मागून त्यांचं प्रत्येक रोप अंगठ्याने दाबत जाई, एक शब्द न बोलता. बाबांनाही ते कळलं होतं. ते मागे वळून बघत नसत. संध्याकाळी पडवीत बसून ते आईला म्हणाले, "हळूहळू जमंल." आई म्हणाली, "जमवायचं कशाला? दिवाळीला जायचंय आपल्याला." बाबा पायांचा चिखल काढत राहिले. ते अलीकडे तिला नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते.

आई तेव्हा फार वाळली होती. विहिरीच्या पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरून उभी राहायची आणि खाली पाण्याकडे इतका वेळ बघायची, की काकी मला हळूच म्हणायची, "जा गो, आयशीसंगती जा. एकटी सोडू नको तिला." मी घागर घेऊन मागोमाग जायची. एकदा विहिरीवरच आई मला म्हणाली, "आपल्या नळाला आता पाणी आलं असेल." दुपारची वेळ होती. चाळीत नळाला पाणी पहाटे यायचं. मी म्हटलं, हो, आलं असेल. तिच्या अंगात जो काही जीव होता तो त्या खोलीच्या भरवशावर होता, एवढं त्या वयातही मला कळत होतं.

बाबांचं पत्र जाऊन आठेक दिवस झाले असतील. बाबा आणि काकी शेतावर होते. भाऊ झोपला होता. आईने पदराच्या गाठीतून एक निळं अंतर्देशीय पत्र काढलं. ते तिने पोस्टमनकडून कधी घेतलं कोण जाणे. ते माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "लिही. दादाला." मामाला ती दादा म्हणायची. मी पाटावर वही ठेवून त्यावर अंतर्देशीय पसरलं. ती भिंतीला टेकून सांगू लागली. खुशाली, भावाचे दात, काकी चांगली आहे, पाऊस फार आहे. मग म्हणाली, "लिही, ह्यांनी दाखल्याचं कळवलं आहे, तो काढू नये. आम्ही दिवाळीला परत येत आहोत. बेबीचं नाव शाळेत तसंच राहू द्यावं."

माझं पेन थांबलं. शाईचा एक थेंब कागदावर बसला. मी त्याच्याकडे बघत होते. आईला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. मी तिथे काहीही लिहिलं असतं, पावसाच्याच आणखी चार ओळी लिहिल्या असत्या, तर तिला कळलं नसतं. हे माझ्या डोक्यात आलं. अगदी स्पष्ट आलं. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. ट्रंकेकडे बघत होती.

"लिहिलंस?" ती म्हणाली.

मी लिहिलं. दाखला काढू नये.

"आता वाचून दाखव."

मी सगळं वाचून दाखवलं. त्या वाक्यावर आले तेव्हा आईने मान हलवली, जशी बाई शाळेत बरोबर उत्तराला हलवतात. मग ती म्हणाली, "छान लिहितेस गं. एवढं छान लिहिणारी पोर ह्या रानात पडून राहायची नाही. ह्यांना सांगू नकोस." पोस्टमन आला तेव्हा ती स्वतः पाखाडी उतरून गेली आणि पत्र त्याच्या हातात देऊन आली. त्या दिवशी तिने पुष्कळ दिवसांनी डोक्याला तेल लावलं. माझीही वेणी घातली, घट्ट.

मी बाबांना सांगितलं नाही. त्यानंतरही मी रोज शाळेत गेले. डब्याचं झाकण हलवत होते, वर्गात बसत होते, गुरुजींनी विचारलं तर "मामा आणणार आहे" म्हणत होते. हे बोलताना माझा आवाज निघायचा. का निघायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

मामाचं गाव आमच्यापासून दोन कोसांवर. गणपतीला तो तिथे यायचा. गौरी जेवणाच्या दिवशी तो आमच्याकडे आला. नवी छत्री, पायात बूट, हातात पेढ्यांचा पुडा. काकीने घावन आणि काळ्या वाटाण्यांची उसळ केली होती. आईने सकाळपासून तीनदा केस विंचरले होते. मामाला पडवीत बसवून ती चहा घेऊन आली आणि त्याच्याजवळच बसली, लहान मुलीसारखी. बाबा म्हणाले, "बरं झालं आलास. दाखला आणलास ना? परवा शेवटचा दिवस आहे."

मामा घोट घेता घेता थांबला. "दाखला? कमलनेच कळवलं ना, काढू नको म्हणून. मी अर्ज घेऊन शाळेत निघालो होतो, तर त्याच दिवशी पत्र आलं."

"कुणी कळवलं?"

"अहो, बेबीच्या अक्षरातलं पत्र आहे. घरी ठेवलंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, हातात उसळीचं भांडं होतं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त बघितलं, जसं त्या डाव्या हाताच्या सहीकडे बघितलं होतं. आई घाईघाईने म्हणाली, "कशाला काढायचा? दिवाळीला येतोच आहोत आम्ही. खोली झाडून ठेव म्हणावं वहिनीला."

मामाने कप खाली ठेवला. छत्रीची मूठ फिरवत म्हणाला, "कमल, तेच सांगायला आलो. तुझ्या वहिनीची आई आलीय राहायला. पोरं मोठी झाली, वर सगळे मावत नव्हतो. खोली रिकामीच होती. चाळीचा मालकही म्हणत होता, बंद खोली ठेवू नका. म्हणून आम्ही..."

आई म्हणाली, "मग आम्ही आल्यावर त्या वर जातील."

"बघू."

"आणि मोरीतलं पिंप? त्यात पाणी भरता ना रोज? चिंचेने घासलं नाही की पितळेला डाग धरतात."

मामा बाबांकडे बघू लागला. बाबा खाली बघत होते. शेवटी मामा म्हणाला, "पिंप अडचण करत होतं गं. मोडीत दिलं. प्लास्टिकचा ड्रम घेतलाय, हलका पडतो."

काकी मागल्या दारातून हे ऐकत होती. ती बाहेर आली, मामाच्या पानात घावन वाढला आणि म्हणाली, "जेवा आता. थंड झाला तर चामडा होतो त्याचा." मामा जेवला. सगळे जेवले. आईने वाढलंसुद्धा. जाताना मामा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "आता गेल्यावर दाखला काढून पाठवतो हो." तो पाखाडी उतरून दिसेनासा झाल्यावर आई आत गेली आणि ट्रंकेशेजारी जमिनीवर, अंथरूण न घालता आडवी झाली.

ती उठली ती दिवाळी होऊन गेल्यावर. आजार असा नव्हता. नाट्याचा डॉक्टर बघून गेला, टॉनिक दिलं. ती जेवायला दिलं तर जेवायची, नाही दिलं तर मागायची नाही. धाकटा भाऊ तिच्या अंगावर चढायचा आणि ती त्याला बाजूला करायची नाही, जवळही घ्यायची नाही. काकी आणि बाबा भात कापणीला जायचे. स्वयंपाक, पाणी, भाऊ हे मी बघू लागले. शाळेत जाऊ नको असं मला कुणीही म्हटलं नाही. विषयच कुणी काढला नाही. मीही नाही.

गणपतीच्या सुट्टीनंतर एकदा मी काकीबरोबर खाडीवर कालवं काढायला गेले होते. वाकून दगडावरचे शिंपले फोडून कालवं काढत होते. बरोबर पेजेचा डबा आणला होता, त्याचं झाकण काढून खडकावर उन्हात ठेवलं होतं. थोड्या वेळाने वल्ह्याचा आवाज आला. वर बघितलं तर हसनचाचा होडी घेऊन अलीकडे आले होते. "किती दिवसांनी आलीस गो," ते म्हणाले. "बस." मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी माझ्या हातातल्या कोयतीकडे बघितलं, काकीकडे बघितलं. मग काही न विचारता रिकामी होडी परत फिरवली.

दाखला थंडीत आला. मामाने शब्द पाळला होता. बाबांनी तो एकदा वाचला आणि देवांच्या फोटोमागे खोचून ठेवला, कारण तोवर आईने ट्रंक उघडली होती. एके सकाळी उठून तिने आतल्या सगळ्या साड्या काढल्या, लग्नाचीसुद्धा, आणि वाकळीसाठी फाडायला घेतल्या. काकी म्हणाली, "चांगल्या हायत गो, नेसायच्या तरी." आई म्हणाली, "इथे कुठे नेसायच्या?" आणि फाडत राहिली. त्या वाकळीत आम्ही पुढे किती वर्षं झोपलो. दाखला अजून माझ्याकडे आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. त्यावर लिहिलं आहे, इयत्ता चौथी पास. शाळा सोडण्याचे कारण, पालक गावी गेले. वर्तणूक, चांगली.

आई त्यानंतर चाळीस वर्षं त्या घरात राहिली आणि मुंबईला कधीही गेली नाही, तिथे झालेल्या माझ्या भावाच्या लग्नालासुद्धा नाही. त्या पत्राबद्दल आम्ही बोललो नव्हतो. शेवटच्या वर्षी ती माझ्याकडे होती. एका दुपारी मी तिच्या खाटेजवळ बसून फणसाच्या उकडलेल्या आठळ्या सोलत होते. मला वाटलं तिला झोप लागली. डोळे मिटूनच ती म्हणाली, "बेबी, मला वाचता येत नव्हतं."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"तुला तेव्हा वाटलं नाही, की हिला काय कळतंय, आपण लिहूच नये?"

"वाटलं होतं."

"मग?"

मी म्हटलं, "तू वाचून दाखव म्हणालीस."

तिने पांघरूण खांद्यावर ओढलं. मग तिने भिंतीकडे कूस वळवली आणि म्हणाली, "मग खोटं वाचायचं होतंस."

मी आठळ्या सोलत राहिले.